गारपीट, उंदीर आणि शेंगदाण्याचं चीज: नेदरलँडमधल्या गोड बरण्यांबद्दल

नेदरलँडला येऊन मला सात वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात इथल्या सुपरमार्केटात मी सर्वांत जास्त वेळ कुठे उभी राहिले असेन, तर पावाला लावायच्या गोड वस्तूंपुढे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात जॅमच्या चार बाटल्या, एखादं पीनट बटर आणि मध असतो. इथे फळ्याच्या फळ्या भरलेल्या. या सगळ्याला मिळून डच लोकांकडे एक शब्दही आहे, 'ब्रोडबेलेख'. पावावर जे जे घालायचं ते ब्रोडबेलेख, मग ते चीज असो की चॉकलेट. भारतातून नवीन आलेल्या मैत्रिणी मला दर महिन्याला विचारतात, यातलं काय घ्यायचं? फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. खाली जे लिहिलंय ते सगळं आमच्या घरी आलेलं आहे आणि मी, नवरा, मुलगी आणि दोनदा येऊन राहिलेली आई, अशा चौघांच्या जिभेवरून गेलेलं आहे.

सुरुवात 'हाखेलस्लाख'पासून करते. चॉकलेटचे बारीक दाणे, केकवर घालतात तसे. इथे ते रोज सकाळी पावावर घालतात, मोठी माणसंसुद्धा, ऑफिसच्या डब्यातसुद्धा. भाषेच्या वर्गात बाईंनी मला या शब्दाचा अर्थ सांगितला. हाखेल म्हणजे गारा आणि हाखेलस्लाख म्हणजे गारपीट.

मी निफाडची. आमची द्राक्षबाग आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, त्यात आमची तोडणीला आलेली थॉमसन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बागेत गेले ते दुपारपर्यंत परत आलेच नाहीत. मी जेवायला बोलवायला गेले, तर ते ओळीत खाली बसून एक घड हातात धरून होते. मणी चिरलेले आणि त्यावर माश्या. घरात आजही तो शब्द कोणी मोठ्यानं काढत नाही. आणि इथे शेजारची चार वर्षांची पोर सकाळी आईकडे तोच शब्द ओरडून मागते. अर्थ कळला त्या संध्याकाळी मी घरातला तो खोका कपाटात मागे सरकवून ठेवला. उघडला तो चार-पाच महिन्यांनी.

नाव असं का पडलं ते नंतर कळलं. १९१९ मध्ये आधी निघाले ते बडीशेपेच्या स्वादाचे साखरेचे पांढरे दाणे. पांढरे होते म्हणून गारा. चॉकलेटचे दाणे 'फेन्झ' कंपनीनं १९३६ मध्ये काढले, रंग बदलला पण नाव तेच राहिलं.

आता खरेदीबद्दल. खोक्यावर समोर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'शोकोलादे-हाखेलस्लाख' लिहायचं असेल तर दाण्यांत किमान ३२ टक्के कोको असावा लागतो, हा युरोपचा नियम आहे. दुधाच्या चॉकलेटला तो आकडा कमी आहे. कोको त्याहून कमी पडला की खोक्यावर 'काकाओफांतासी' असं लिहितात. शब्द छान वाटतो, किंमतही कमी असते, आणि आत मुख्यतः साखर असते. आम्ही दोन्ही घेऊन पाहिले. काकाओफांतासी तोंडात दाताखाली कर्रकन वाजतं आणि मागे नुसता गोडवा उरतो. खरं 'प्यूर', म्हणजे गडद चॉकलेटचं, जिभेवर विरघळतं. 'दे राउटर'चं प्यूर घ्या, पैसे वसूल. पावाला आधी लोणी लावायचं आणि तेही कडेपर्यंत, नाहीतर निम्मे दाणे ताटलीत पडतात. माझी मुलगी मात्र ते पावावर खात नाही. गरम पोळीला तूप, त्यावर हे दाणे, आणि गुंडाळी. माझी आजी आम्हांला तूप-साखर पोळी द्यायची, त्याचीच ही धाकटी बहीण.

दुसरी वस्तू 'माउशेस'. अर्थ छोटे उंदीर. बडीशेपेच्या दाण्यावर साखरेचं कवच, आणि दाण्याचा बारीक देठ बाहेर राहिला तर ती शेपटी. हे विकत घ्यायच्या आधीच आमच्या घरी आले. मुलगी झाली तेव्हा. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर 'क्रामझोर्ख'ची बाई घरी येते, आईची आणि बाळाची काळजी घ्यायला. आमच्याकडे आलेली साधारण पन्नाशीची, उंच, हात गरम. पहिल्याच सकाळी तिनं पिशवीतून गोल कुरकुरीत टोस्ट काढले, त्यांना इथे 'बेस्खाउट' म्हणतात, त्यावर लोणी फासलं, गुलाबी-पांढरे दाणे पसरले आणि बशी माझ्या हातात दिली. आई दाराशी उभी, तिच्या हातात अळिवाच्या लाडवाची वाटी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईंनी माझ्या छातीकडे बोट दाखवून दुधाची खूण केली, मग दाण्यांकडे. बडीशेपेनं अंगावर दूध येतं असा इकडचा जुना समज. आईनं एक दाणा चावून पाहिला, थांबली, आणि आत जाऊन नाशिकहून आणलेली बाळंतशोपांची पुडी घेऊन आली. तीही बाईंनी चावून पाहिली. मग दोघी पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत हसत होत्या.

गुलाबी-पांढरे मुलगी झाली तर, निळे-पांढरे मुलगा झाला तर. निळे मात्र अगदी अलीकडचे, १९९४ पासूनचे. त्याआधी सगळ्या बाळांना गुलाबीच. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात, आणि त्यातला भेद मला कधीच आवडला नाही, कारण त्यात पेढ्याचा भाव वरचा असतो. इथे दोन्ही खोके एकाच फळीवर, एकाच किमतीला आहेत, ही गोष्ट मला मनापासून आवडली. रोजच्यासाठी 'खेस्ताम्प्ते माउशेस' घ्या, म्हणजे कुटलेले. पिठीसारखे असतात, पावाला चिकटतात आणि लहान मुलांच्या घशात अडकायची भीती नाही. आईनं जाताना चार खोके नेले. निफाडला ते जेवणानंतर मुखवास म्हणून संपले.

तिसरं, 'पिंडाकास'. हे तसं गोडात मोडत नाही, पण त्याच फळीवर असतं आणि आपली माणसं सर्वांत आधी हेच उचलतात. पिंडा म्हणजे शेंगदाणा, कास म्हणजे चीज. शेंगदाण्याचं चीज! बाकी जग ज्याला लोणी म्हणतं त्याला हे चीज म्हणतात, कारण 'बोटर' हा शब्द इथे कायद्यानं दुधाच्या लोण्यासाठी राखून ठेवला होता. शब्द आला दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून, सुरिनामहून. तिथे शेंगदाण्याचा घट्ट गोळा करून चीजसारख्या चकत्या कापायचे. 'काल्व्हे'नं १९४८ मध्ये ते बरणीत भरून इथे विकायला आणलं. नवऱ्यानं सकाळी आईला सहज विचारलं, "आई, पिंडा देऊ का पावाला?" तर तिचा हात जागीच थांबला. सणासुदीला, नातीच्या पाचव्या दिवशी, पिंडाचं नाव! त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला 'दाण्याचं' म्हणतात, आणि दाण्याचं म्हटलं की मुलीलाही कळतं. चवीला चांगलं आहे, पण मीठ असतं हे लक्षात ठेवा. मागे घटकांत '१०० टक्के पिंडा' असलेली बरणी मिळते, ती घ्या. वर तेल सुटतं, ते ढवळून घ्यायचं, ओतून टाकायचं नाही. आई त्यात लाल तिखट, लसूण आणि थोडं जिरं घालून चटणी करते, ती भाकरीबरोबर सोलापुरी चटणीच्या जवळ जाते.

आता जॅम. इथे मला सविस्तर लिहायचंय, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो आणि सर्वांत जास्त पैसेही इथेच जातात.

आपल्या मनात जॅम म्हणजे लाल मिक्स फ्रूट, आणि मार्मलेड म्हणजे कडसर संत्र्याचं काहीतरी, ते आजोबा खायचे. युरोपात हे शब्द कायद्यानं बांधलेले आहेत. २००१ च्या नियमाप्रमाणे साध्या जॅममध्ये किलोमागे किमान ३५० ग्रॅम फळ आणि 'एक्स्ट्रा जॅम'मध्ये ४५० ग्रॅम. काही फळांना सूट आहे. २०२४ मध्ये हे आकडे वाढवले गेले, जून २०२६ पासून साध्याला ४५० आणि एक्स्ट्राला ५००. म्हणजे बरणीवरचा एकेक शब्द हा फळाचा हिशोब आहे. आणि बरणीच्या मागे '१०० ग्रॅममागे इतके ग्रॅम फळ' असं एक वाक्य छापावंच लागतं. मी दुकानात आधी ते वाक्य शोधते, मग फळाचं चित्र बघते. आपल्याकडे २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत जॅमला ४५ टक्के फळ धरलेलं आहे, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला २५ टक्के चालतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर वाढलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं. मलाही वाटलं.

मार्मलेड हा शब्द या नियमात फक्त संत्री, लिंबू, ग्रेपफ्रूट अशा फळांसाठी राखलेला होता. ही इंग्लंडची सवय सगळ्या युरोपवर बसली. माझी जर्मन सहकारी आहे, ती रोज घरची जर्दाळूची 'मार्मेलाडं' आणते. जर्मनीत घरोघरी सगळ्याच जॅमला मार्मेलाडंच म्हणतात. दुकानातल्या बरणीवर मात्र 'कॉन्फिट्यूरं' छापावं लागायचं. शेतकऱ्यांच्या बाजारात ऑस्ट्रियन आणि जर्मन बायकांना आपल्या बरणीवर मार्मेलाडं लिहिता यावं म्हणून २००४ मध्ये वेगळी सूट काढावी लागली. २०२४ च्या बदलात तर प्रत्येक देशाला हवं असल्यास जॅमला मार्मलेड म्हणू द्यायची मुभा दिली, आणि संत्र्याच्या मार्मलेडला 'सिट्रस मार्मलेड' असं पूर्ण नाव दिलं. माझ्या जर्मन सहकारीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, आमच्या आज्यांनी कधी विचारलं होतं का परवानगीला!

गंमत अशी की हा शब्द मुळात संत्र्याचा नाहीच. पोर्तुगीज भाषेत 'मार्मेलु' नावाचं एक फळ असतं, पिवळं, कडक, पेअरसारखं, कच्चं खाल्लं तर तोंड आवळतं. ते साखरेत आटवून वडी पाडतात, ती 'मार्मेलाडा'. गेल्या वर्षी आम्ही लिस्बनला गेलो तेव्हा मी ती मुद्दाम घेतली. विटकरी रंगाची लादी, सुरीनं कापायची, चीजच्या तुकड्यावर ठेवून खायची. पहिल्याच घासाला नवरा म्हणाला, "हे तर पेराद!" त्याचं आजोळ म्हापशाचं. गोव्यात नाताळाला पेरवाची, म्हणजे आपल्या पेरूची, अशीच लादी करतात, तीच लालसर, तीच दाणेदार. मार्मेलु गोव्यात कुठून मिळणार? पोर्तुगीजांची रीत होती आणि दारात पेरूचं झाड होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारी ती कागदातली वडी आणि इंग्लंडमधली ती कडसर संत्र्याची बरणी, दोघींचं माहेर एकच.

पोर्तुगालबद्दल आणखी एक. तिथे गाजराचाही जॅम करतात. म्हणून त्या युरोपीय नियमात, जॅमपुरतं, गाजराला फळ धरलं आहे. रताळं, भोपळा, काकडीसुद्धा त्याच यादीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग आपला गाजरहलवा पावावर घालायला काय हरकत आहे. आम्ही घातला. चांगला लागतो.

हॉलंडात जॅम घ्यायचा तर एक्स्ट्रा जॅम घ्या, त्यातही काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या आंबट ब्लॅककरंटचा, 'झ्वार्ते बेस'. साखरेला तोड देणारा आंबटपणा त्यात आहे. स्ट्रॉबेरीचा टाळा, तो सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत फिका.

अमेरिकेतली नणंद न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा भाच्यानं सकाळी सांगितलं, "मामी, मला जेली हवी." मी म्हटलं, फ्रिजमध्ये सेट करायला वेळ लागेल. माझ्या डोक्यात वाढदिवसाची थरथरणारी जेली. तिकडे जेली म्हणजे फळांच्या गाळलेल्या रसाचा जॅम, आणि तोही बहुतेक वेळा द्राक्षाचा. द्राक्षाचा म्हटल्यावर मी बरणी हातात घेतली. जांभळी, काचेसारखी पारदर्शक, वास इतका तीव्र की झाकण उघडताच टेबलाच्या पलीकडे आला. ही 'कॉनकॉर्ड' द्राक्षं. १८४९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात निघालेली जात, साल जाड आणि दाबली की गर टुणकन बाहेर येतो. १८६९ मध्ये न्यू जर्सीतच, व्हाइनलँड गावी, वेल्च नावाच्या दंतवैद्यांनी चर्चमधल्या विधीसाठी या द्राक्षांचा न आंबणारा रस केला, तिथून हा सगळा धंदा उभा राहिला.

मी बाबांना व्हिडिओ कॉलवर बरणी दाखवली. गारपिटीनं फुटलेल्या मण्यांची जेली का नाही करता आली आपल्याला, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता. बाबांनी रंग पाहिला आणि म्हणाले, "थॉमसनला हा रंग येणार नाही, वास तर नाहीच. तिला टेबलावर खायला केलंय, कढईत घालायला नाही." त्यांचं बरोबर आहे. मी घरी करून पाहिली, हिरवट-पिवळी, गोड आणि बिनवासाची झाली. जेली खाऊन बघायची असेल तर अमेरिकेतली कॉनकॉर्डचीच, आणि शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर. नुसती फार गोड लागते.

लोटसच्या बिस्किटाचं स्प्रेड आता भारतातही माहीत आहे, म्हणून थोडक्यात. बेल्जियममध्ये ते 'स्पेकुलोस' पास्ता (पास्ता म्हणजे इथे पेस्ट) म्हणून आलं, एका दूरदर्शन स्पर्धेत लोकांनी सुचवलेल्या कल्पनेतून, आणि अमेरिकेत अशा स्प्रेडला 'कुकी बटर' म्हणतात. दालचिनीचा वास सुरेख, पण हे शेवटी बिस्किटच आहे, तेलात कालवलेलं. महिन्याला एक बरणी पुरे. न्युटेलाला सगळीकडे एकच नाव आहे, त्यात हेझलनट १३ टक्के आहे आणि पहिला घटक साखर आहे. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

आपल्या माणसांना मी सर्वांत जास्त आग्रह करते तो 'रिन्से आपेलस्ट्रोप'चा. कोणी घेत नाही, कारण काळा, चिकट, दिसायला ग्रीससारखा. सफरचंद आणि साखरेचं बीट आटवून करतात, 'रिन्स' म्हणजे किंचित आंबट. डोळे मिटून चाखा, काकवी आहे! कोल्हापूरच्या गुऱ्हाळातल्या काकवीला थोडी सफरचंदाची आंबट किनार. घरात गूळ संपला तर मी वरणात अर्धा चमचा हाच घालते.

एक तक्रार लिहायलाच हवी. एका दुकानातून, नाव घेत नाही, मी आंब्याच्या स्प्रेडची बरणी आणली. समोर हापूससारखा दिसणारा आंबा, मोठ्या अक्षरांत आंबा. त्यावर जॅम हा शब्द कुठेच नव्हता, ते मला घरी आल्यावर दिसलं. मागे लिहिलं होतं, आंबा ११ टक्के, पहिला घटक सफरचंदाचा गर. जॅम म्हटलं असतं तर फळाचा हिशोब द्यावा लागला असता, म्हणून 'स्प्रेड' म्हटलं होतं. मी दुकानात परत नेली तर काउंटरवरच्या मुलानं शांतपणे सांगितलं, उघडलेली बरणी परत घेत नाही. चूक त्याची नव्हती. पण पाचशे रुपयांच्या आसपास गेले आणि मुलीनं पहिला घास थुंकला. तेव्हापासून ज्या बरणीवर नुसतं स्प्रेड लिहिलंय, ती मागे वाचल्याशिवाय मी टोपलीत टाकत नाही.

या मेमध्ये आई आली तेव्हा आम्ही घरीच साखरांबा केला. इथल्या सुरिनामी दुकानात कैऱ्या मिळतात, हिरव्या, कडक, आपल्या राजापुरीएवढ्या आंबट नाहीत, पण चालतात. किसून, पिळून, साखर घालून मंद आचेवर, शेवटी वेलची आणि केशराच्या चार काड्या. दोनतारी पाक नको, एकतारीवर उतरवा, इथल्या थंडीत तो आणखी घट्ट होतो. शेजारीण चाखायला आली आणि विचारू लागली, हे शेम, म्हणजे जॅम, म्हणायचं की मार्मेलाडे? आईनं चिकटपट्टीवर पेनानं 'साखरांबा' लिहून बरणी तिच्या हातात दिली. तिला देवनागरी वाचता येत नाही. पण गेल्या आठवड्यात रिकामी बरणी धुऊन परत आली, पट्टी तशीच, आणि खाली तिनं आपल्या अक्षरांत उच्चार लिहून ठेवला होता: साखारांबा. बरणी पुन्हा भरून द्यायची आहे, कैऱ्या शनिवारी येतात.